बिरोबाची गादी

"पण तिथं गप्प का बसायचं, तात्या?"

धुळदेव सकाळपासून हेच विचारत होता.

मायाप्पा तात्या कोकराच्या खुरातला काटा काढत होते. काटा निघाला. त्यांनी तो नखावर घेऊन नीट पाहिला, मग फेकून दिला. कोकरू उड्या मारत आईकडं पळालं.

"तिथं गप्प बसायचं असतंय," तात्या म्हणाले.

"हे काय उत्तर न्हवं."

"न्हवंच," तात्या म्हणाले.

...

मायाप्पा तात्या धनगरी ओवी गाणारे. बिरोबाच्या यात्रेत सवालाची ओवी म्हणायचा मान त्यांचा. ही ओवी म्हणजे सगळे सवालच.

उन्हाच्या माळावर सावली कुणाची?

एवढं म्हणून तात्या थांबायचे. झांज थांबायची. ढोल मात्र अंगाई म्हटल्यासारखा हळू चालत राहायचा. तात्या मान उजवीकडं वळवायचे आणि एक ओळ म्हणायला लागेल तेवढा वेळ गप्प बसायचे. मग पुढचा सवाल.

उजवीकडं, त्यांच्या घोंगड्याला लागून, एक बसायची गादी टाकलेली असायची. रिकामी.

गाव तिला बिरोबाची गादी म्हणायचं. सवाल माणसानं करायचा आणि जवाब देवानं द्यायचा, तो आपल्या कानांना ऐकू येत नाही एवढंच, असं गावाचं सरळ मत होतं. तात्या थांबले की सगळी जत्रा गादीकडं बघून हात जोडायची. बायका तिच्यावर भंडारा टाकायच्या. एखादी लेकुरवाळी पोराचं डोकं टेकवायची.

तात्यांना कुणी याबद्दल विचारलं, तर ते हो म्हणायचे नाहीत आणि नाहीही म्हणायचे नाहीत. म्हातारी माणसं अशा वेळी फार सोयीनं बहिरी होतात.

त्यांचे चेलेसुद्धा काही कमी नव्हते. ओवी यायच्या आधी त्यांना मान वळवता यायला लागायची. एकाची मान तर एकदा लचकली होती, तरी गडी तसाच कण्हत उजवीकडं वळला. गुरूची लकब सोडायची कशी?

गेल्या यात्रेनंतर तात्यांचा गळा गेला होता. गायला तोंड उघडलं की नुसती हवा यायची. यात्रा तोंडावर आली होती. तात्या ज्याच्या गळ्यात ढोल घालतील त्यानं यंदा गायचं, आणि पुढंही त्यानंच गायचं, अशी रीत होती.

तो धुळदेव असणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचा आवाज माळावर सोडला तर पलीकडच्या टेकडीवरची मेंढरं मान वर करायची. हे धुळदेवलाही ठाऊक होतं. जरा जास्तच.

पण तात्या ढोल खुंटीवरून काढायचं नाव घेत नव्हते.

...

"तात्या, शहरात माझी फजिती झाली," धुळदेव म्हणाला.

"सांगितलंस की."

"परत सांगतो. मोठा मंडप. खुर्च्यांवर माणसं. मी सवाल टाकला आन् थांबलो. मान वळवली. एकानं बी हात जोडले न्हाईत. मागनं एकजण वरडला, विसरला रे विसरला! सगळी हसली. तो माइकवाला आला आन् म्हणाला, कलाकार थोडे गोंधळलेत, टाळ्या वाजवून त्यांना धीर द्या."

"मग?"

"मग काय? वाजवल्या टाळ्या."

तात्यांच्या पोटात हसू हललं. पण त्यांनी ते वर येऊ दिलं नाही. पोराला ते लागलं होतं, हे दिसत होतं.

"म्हणून मी ती जागा भरलीया," धुळदेव म्हणाला. "ऐका."

आणि तो गायला.

"उन्हाच्या माळावर सावली कुणाची? सावली देवाची, माझ्या बिरोबाची.

सुकल्या तळ्याला ओल ही कुणाची? ओल ती देवाची, माझ्या बिरोबाची."

काय आवाज होता! बाभळीवरचे होलेसुद्धा गप्प झाले. ओवी संपली तेव्हा धुळदेवचे स्वतःचेच डोळे भरून आले होते.

"गोड हाय," तात्या म्हणाले.

"मग म्हणू यात्रेत? ढोल देता का?"

"आधी गादी पिंजून आण," तात्या म्हणाले.

"कुठली गादी?"

"बिरोबाची. पार चपटी झालीया."

धुळदेवला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकंही गळ्याच्या मागोमाग गेलं.

"देवाची गादी पिंजायला द्यायची? बाजारात?"

"मग काय माझ्याकडनं पिंजून घेणार हाईस?" तात्या उठले. "तालुक्याला जा. जुन्या बाजाराच्या मागं खैरून पिंजारीण बसती. तिच्याकडंच दे. आन् पिंजून हुईस्तोवर तिथनं हलू नगंस."

...

मोटारसायकलच्या मागं देवाची गादी बांधायची म्हणजे पंचाईतच. धुळदेवनं ती धुतलेल्या धोतरात गुंडाळली. वाटेत खड्डा आला की तो मागं वळून मनातल्या मनात माफी मागायचा.

खैरूनबीचं दुकान म्हणजे घराच्या पुढं काढलेला पत्रा. आत तिचा मुलगा यंत्रावर कापूस पिंजत होता. यंत्राचा आवाज असा की शेजारचा माणूस बोलला तर नुसते ओठ हललेले दिसावेत. मागच्या भिंतीला पूर्वीची पिंजायची धनुकली टांगलेली होती. आढ्याला झोळी होती आणि झोळीत खैरूनबीचा नातू झोपला होता. त्याला त्या आवाजाचं काही नव्हतं.

खैरूनबीनं गादी मांडीवर घेतली.

"हळद सांडली व्हय हिच्यावर?" ती ओरडून म्हणाली.

"हळद न्हवं, मावशी, भंडारा! देवाची गादी हाय! जपून करा!"

"असं व्हय?"

खैरूनबीनं दोन्ही हात ओढणीला पुसले आणि मग गादीला लावले. धुळदेवला बरं वाटलं. तो बाकड्यावर बसला.

तेवढ्यात लाइट गेली.

यंत्र थांबलं. एकदम एवढी शांतता झाली की तिनंच पोर जागं झालं आणि रडायला लागलं. मुलगा चहा प्यायला निघून गेला. खैरूनबी गादी बाजूला ठेवून उठली आणि तिनं झोळीची दोरी धरली.

ती गुणगुणायला लागली.

"वर गेलं पाखरू... सावली तयाची..."

थांबली. झोका दिला. झोळी गेली, करकरत परत आली.

"कोकरू चुकलं... ओल त्याच्या आईची..."

थांबली. झोका दिला.

धुळदेव ताठ झाला. त्याची बोटं बाकड्याच्या फळीवर आपोआप चालायला लागली होती. चाल तीच होती. थांबण्याची जागा तीच, थांबण्याचा वेळही तोच. फक्त जिथं तो गायचा तिथं ही गप्प होती, आणि जिथं तो गप्प बसायचा तिथं ही गात होती.

झोळी पुन्हा वर गेली. खैरूनबी गप्प होती.

धुळदेवच्या तोंडून हळूच निघालं, "मिटल्या दाराला थाप ही कुणाची?"

"ऊठ बाई, कडी काढ, थाप पावण्याची," खैरूनबी म्हणाली. सवयीनं म्हणाली, मागं न बघता.

मग तिच्या हातातली दोरी थांबली.

ती वळली.

"हे काय म्हणालास तू?"

"मी... मी म्हणालो..." धुळदेव बाकड्यावरून उठला. "तुमी हे कुठं शिकला, मावशी?"

"अब्बा म्हणायचे. आमाला असंच निजवायचे. मी माझ्या पोरांना निजवलं. आता ह्यो."

"आन् मधीमधी थांबता ते?"

"मधी थांबायचंच असतंय." तिला प्रश्नच कळला नाही. "झोका द्यायला नको?"

गावाला वाटत होतं तिथं देव बोलतो. हिला वाटत होतं तिथं झोका द्यायचा.

"तुमचे अब्बा कोण, मावशी?"

"बाबालाल पिंजारी. आमी तिकडचेच, बिरोबाच्या डोंगराखालचे. दुष्काळात हिकडं आलो. मी एवढीशी हुते. अब्बा त्याच साली गेले. परत जायचं ऱ्हाऊनच गेलं."

पोर पुन्हा झोपलं होतं. खैरूनबीनं गादी मांडीवर घेतली आणि कोपऱ्याची शिवण उसवायला सुई घातली.

सुई तिथंच थांबली.

तिनं अंगठ्यानं कोपरा चाचपला. मग गादी फिरवून दुसरा कोपरा बघितला. मग चष्मा काढून तो कोपरा डोळ्यांजवळ नेला.

"हा टाका अब्बांचा हाय," ती म्हणाली.

"कशावरनं?"

"ते डावरे हुते. त्यांचा टाका उलट्या अंगाला पडायचा. घरातल्या सगळ्या वाकळा अशाच हुत्या." ती एकटक गादीकडं बघत होती. "यात्रेला जाताना अब्बा एक गादी काखेत मारून न्यायचे. त्यांचा कुणी दोस्त हुता धनगर. दोघं शेजारी बसून गायचे म्हणं. अब्बा म्हणायचे, त्याचं घोंगडं लई टोचतंय, म्हणून माझी बैठक मी घेऊन जातो. गाव सोडताना अम्मी म्हणाली, गादी आणा की. तर म्हणाले, राहू दे तिथंच, परत जायचंच हाय..."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"आता ती देवाची गादी हाय, मावशी," धुळदेव कसाबसा म्हणाला. "गाव हात जोडतंय तिला."

खैरूनबीचे डोळे वाहत होते आणि तोंड हसत होतं.

"जोडू दे की. माझ्या अब्बाला आता टोचत तरी न्हाई."

...

लाइट आली तशी तिनं गादी पिंजून दिली. कापूस नव्यासारखा फुलला. एक कोपरा मात्र तिनं उसवला नाही.

जायच्या आधी धुळदेवनं मोबाइल पुढं धरला. "मावशी, आणखी हाईत का ओळी? सगळ्या म्हणा."

"ह्ये काय गाणं हाय व्हय? पोरं निजवायचं," ती लाजली. पण म्हणाली. एकामागून एक, मधल्या मोकळ्या जागा सोडून, हातानं हवेत झोके देत.

धुळदेव परत निघाला तेव्हा त्याला आभाळ ठेंगणं झालं होतं. त्याला वाटलं, एवढ्या वर्षांची हरवलेली अर्धी ओवी आपल्याला सापडली. खिशातच होती.

...

तात्या घोंगड्यावर बसले होते. धुळदेवनं गादी त्यांच्या उजव्या हाताला ठेवली आणि धापा टाकत सगळं सांगितलं.

तात्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

"तुमाला ठाऊक हुतं," धुळदेव म्हणाला.

"व्हय."

"खैरून मावशीचं बी?"

"गेल्या साली गळ्याच्या औषधाला बाजारात गेलो हुतो. तिच्या दारावरनं जाताना ऐकलं." तात्यांनी गादीवर हात फिरवला. न उसवलेला कोपरा हाताला लागला तिथं हात थांबला. "फुलवली चांगली."

"आन् गाव इतकी वर्सं देव म्हणून हात जोडतंय, तात्या! तुमी एका शब्दानं सांगितलं न्हाई. तिथं तर बाबालाल पिंजारी बसायचा!"

"मग?"

"मग काय? देव कुठं हाय तिथं?"

तात्यांनी त्याच्याकडं पाहिलं. खरोखर नवल वाटल्यासारखं पाहिलं.

"न्हाई असं तुला बाबालालच्या पोरीनं सांगितलं?"

धुळदेवनं विषय बदलला.

"ते ऱ्हाऊ द्या. हे ऐका."

त्यानं मोबाइल लावला. खैरूनबीचा थकलेला, गोड आवाज माळावर आला. वर गेलं पाखरू... सावली तयाची...

तात्यांची मान उजवीकडं वळली. आपोआप वळली, गादीकडं, आणि तशीच राहिली.

ओळी संपल्या. मोबाइलमधून एक पोर रडल्याचा आवाज आला आणि मग तोही थांबला.

"आता बघा," धुळदेव म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. "माझी ओळ मी टाकून दिली. ह्याच खऱ्या. आता सवाल बी मीच, जवाब बी मीच. पहिल्यापासनं शेवटापर्यंत पुरी ओवी. मधी एक जागा मोकळी न्हाई. कोण म्हणतंय विसरला ते बघतोच!"

तात्या उठले. खुंटीवरचा ढोल काढला. धुळदेवच्या गळ्यात न घालता त्याच्या पुढ्यात ठेवला.

"म्हण," ते म्हणाले.

धुळदेव घोंगड्यावर तात्यांच्या जागी बसला आणि त्यानं ढोलावर हात टाकला.

"उन्हाच्या माळावर सावली कुणाची? वर गेलं पाखरू, सावली तयाची."

छान झालं.

"सुकल्या तळ्याला ओल ही कुणाची? कोकरू चुकलं, ओल त्याच्या आईची."

हेही छान झालं. त्याचा आवाज आता रंगात आला होता. त्यानं डोळे मिटले.

"मिटल्या दाराला थाप ही कुणाची?"

जवाब जिभेवर होता. ऊठ बाई, कडी काढ. तो म्हणायला तोंड उघडणार, एवढ्यात त्याची मान सवयीनं उजवीकडं वळली आणि त्यानं डोळे उघडले.

समोर गादी होती. फुललेली, कुणी येऊन बसावं अशी.

आपणच दारावर थाप मारायची आणि आतून आपणच ओ द्यायची. भरल्या माणसांत एकट्यानंच दोघांचं बोलताना पकडलं जावं तशी लाज वाटली त्याला.

तो थांबला.

ढोलावरचा हात हळू चालत राहिला. एक ओळ म्हणायला लागेल तेवढा वेळ गेला. त्याहून थोडा जास्त गेला. इतकी वर्षं तो सवाल म्हणत आला होता. विचारला होता तो आज पहिल्यांदाच.

मेंढरं रवंथ करत होती. दुसरं काही ऐकू आलं नाही.

"तात्या..." तो खाली बघूनच म्हणाला. "तुमाला ह्या ओळी येत हुत्या ना?"

"येत्यात की. वर्सानुवर्सं कानाशी ऐकल्या."

"मग एवढी वर्सं तुमी का न्हाई म्हणालासा?"

तात्यांनी गादीवरचा एक कापसाचा तंतू उचलला.

"तो येतो म्हणाला हुता."

"पण ते वारले, तात्या. त्याच साली."

"ठाऊक हाय मला."

धुळदेवनं खिशातला मोबाइल काढला. थोडा वेळ हातात धरून ठेवला. मग परत खिशात टाकला आणि तो उठला. धोतर झटकलं.

"कुठं निघालास?"

"तालुक्याला. मावशीला यात्रेचं आवतन देतो. पोराला झोळीसकट घेऊन या म्हणतो." तो अडखळला. "गेल्याच साली तुमी का न्हाई बोलावलं तिला?"

"माझा गळा कुठं हुता? बोलावून सवाल कशानं विचारला असता तिला?"

धुळदेवनं मान हलवली. मोटारसायकलपर्यंत गेला आणि तिथून परत आला. त्याच्या तोंडावरचा तो नेहमीचा तोरा आता कुठं दिसत नव्हता. लहान पोरासारखा दिसत होता.

"तात्या... लई माणसं असत्यात यात्रेला. बाईमाणूस, कधी चारचौघांत गायली न्हाई. लाजली तर? घरच्यांनी न्हाई सोडली तर?"

"व्हय, तसं बी हुईल."

"मग मी काय करू तिथं? ती न्हाईच आली तर?"

तात्यांनी ढोल उचलला. पट्टा धुळदेवच्या गळ्यात घातला, मागं गाठ मारली आणि ओढून बघितली.

"गादी टाक," ते म्हणाले.